ब्रियाँसों: एवढ्याशा गावाला एवढे किल्ले कशाला?

घाटमाथा | रविवार, रात्री ९:४२

मंडळी, जूनमध्ये तुरिनला भाचीकडे होतो, एक दिवस हाताशी होता म्हणून पलीकडे फ्रान्समधल्या ब्रियाँसोंला जाऊन आलो आम्ही दोघं. ट्रेनने उल्सपर्यंत आणि तिथून बस. मोंझनेव्रची खिंड ओलांडली (१८५० मीटर) की बस वळणं घेत खाली उतरते आणि एका वळणावर ते गाव एकदम समोर येतं, तटबंदीच्या आत गच्च भरलेलं, वर चर्चचे दोन मनोरे, आणि आजूबाजूच्या प्रत्येक डोंगरावर एकेक किल्ला. बायको म्हणाली अरे हा तर आपला राजगड झाला, फक्त माच्या वेगवेगळ्या डोंगरांवर ठेवल्यात.

गावाची उंची १३२६ मीटर, म्हणजे जवळपास आपलं महाबळेश्वर. जुन्या गावातला मुख्य रस्ता इतका उताराचा की वरून खाली बघितलं तर जिन्यावर उभं असल्यासारखं वाटतं, आणि त्या रस्त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक दगडी पाट, त्यात खळाळतं पाणी. बर्फाचं पाणी असावं, बोटं बुडवली तर दोन मिनिटं बधिर झाली. मुलं त्यात कागदाच्या होड्या सोडत होती आणि उताराला त्यांच्या मागे धावत होती.

दुपारभर फिरलो, तट बघितला, खोल दरीवरचा एका कमानीचा पूल बघितला, तो तर डोक्यातून जात नाहीये. पण परत येताना एकच प्रश्न. आज सगळं मिळून अकरा-बारा हजार लोकवस्तीचं गाव, तेव्हा तर फारच कमी असणार. एवढ्या गावाभोवती चार-पाच मोठे किल्ले, शिवाय डोंगरमाथ्यावर अजून. का? एवढं राखण्यासारखं होतं तरी काय तिथे? इथे किल्ल्यांचे अभ्यासक आहेत, फ्रान्समध्ये राहणारे आहेत, सांगा जरा.

---

पिठलंभाकर | रविवार, रात्री ९:५५

फोटो? फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

---

टेकाड | रविवार, रात्री १०:१०

नाव वाचूनच वोबाँ आठवला. चौदाव्या लुईचा किल्लेबांधणीतला माणूस, १६३३ ते १७०७. आपल्या महाराजांचा जन्म १६३०, म्हणजे अगदी समकालीन. इकडे राजगड-रायगड उभे राहत होते तेव्हा तिकडे हा माणूस घोड्यावर बसून फ्रान्सची अख्खी सीमा पायाखाली घालत होता. दीडशेच्या वर ठिकाणी त्याने काम केलं, काही नवीन, बरीचशी जुन्याची दुरुस्ती.

आणि योगायोग बघा, वोबाँच्या किल्ल्यांना २००८ साली जागतिक वारसा मिळाला तो १२ ठिकाणांचा मिळून, त्यात ब्रियाँसों आहे. आणि २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या मराठा किल्ल्यांना मिळाला तोही १२ किल्ल्यांचा मिळून, ११ महाराष्ट्रातले आणि १ जिंजी. बातमी ऐकली त्या रात्री झोप लागली नव्हती मला.

---

ग्रनोबलकर | रविवार, रात्री ११:३१

आम्ही ग्रनोबलला असतो, ब्रियाँसों आमच्यासाठी वीकेंडचं गाव, लोतारेच्या खिंडीतून जातो (२०५८ मी.). घाटमाथा, तुम्ही ज्या पाटात बोटं बुडवलीत त्याला तिथे गार्गुय म्हणतात, मोठ्या रस्त्यावरचा मोठा आणि शेजारच्या रस्त्यावरचा छोटा. दिसायला शोभेचा वाटतो पण तो आगीसाठी आहे. चौदाव्या शतकापासूनचा. घरं एकमेकांना चिकटून, छपरं लाकडी, आत हिवाळ्यासाठी भरलेलं गवत. एका घराला लागली की गल्ली गेली. मग पाट अडवायचा, पाणी तुंबवायचं आणि बादल्या भरायच्या.

तरीही व्हायचं ते झालंच. जानेवारी १६९२ मध्ये मोठी आग लागली आणि गावाचा बराच मोठा भाग जळाला. जानेवारीत! त्या उंचीवर, त्या थंडीत लोक उघड्यावर आले. मी जेव्हा जेव्हा त्या उतारावरून चालते तेव्हा हेच मनात येतं.

---

टेकाड | रविवार, रात्री ११:४८

बरोबर, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात आल्प्सपलीकडच्या शेजारी साव्हॉय राज्याचा ड्यूक दुसरा व्हिक्टर अमाडेउस दोफिने प्रांतात घुसला. आँब्रां घेतलं, गाप जाळलं. ब्रियाँसोंच्या वाट्याला वेढा आला नाही पण लुईचं धाबं दणाणलं, आणि वर्ष संपता संपता वोबाँला तिकडे पिटाळलं. म्हणजे त्याला जे गाव मिळालं ते अर्धं जळकं होतं. त्याने घरं कशी बांधायची इथपासून तट कुठून न्यायचा इथपर्यंत सगळं कागदावर मांडलं. एकूण काय, ब्रियाँसों वोबाँने उभारलं.

---

नकाशेवाला | सोमवार, सकाळी ७:२०

टेकाड, शेवटच्या वाक्याशी असहमत. वोबाँ तिथे दोनदा गेला, १६९२ च्या शेवटी आणि १७०० मध्ये. गावाभोवतीचा तट, पडकोट हे त्याच्या आराखड्याने झालं. पण समोरच्या डोंगरांवरचे किल्ले जे घाटमाथांना दिसले ते बहुतेक त्याच्या मृत्यूनंतरचे आहेत. सालेतचा किल्ला १७०९ नंतरचा, तेतचा १७२० च्या दशकात सुरू झाला, आणि तो पूल १७२९ ते १७३१. पुलाला नाव आस्फेल्दचं, जो वोबाँनंतर किल्ल्यांच्या खात्याचा प्रमुख झाला. कमानीचा गाळा ३८ मीटर, खाली द्युराँस नदी ५६ मीटरवर. विचार करा, तीनशे वर्षांपूर्वी त्या घळीवर लाकडी साचा उभा करून ही कमान वळवली. आणि कशासाठी, तर गावातून समोरच्या तेतच्या किल्ल्यावर तोफा आणि शिबंदी नेता यावी म्हणून.

आता मूळ प्रश्न, एवढे किल्ले का. सपाटीवर वोबाँची रीत सोपी आहे, चांदणीसारखे बुरूज काढायचे, प्रत्येक बुरुजावरून शेजारच्या बुरुजाचा पायथा मारात आला पाहिजे. पण डोंगरात ही चांदणी कामाची नाही कारण शत्रूने शेजारच्या टेकडीवर तोफ चढवली की तो वरून तुमच्या अंगणात बघतो. म्हणून गाव राखायचं तर समोरची टेकडी आपल्याकडे पाहिजे, तिथे तेत. तेतवर मागच्या उंचवट्यावरून नजर पडते, म्हणून तिथे राँदुये. पुढे १८७० च्या दशकात तोफांचा पल्ला वाढला तर त्याच्याही वर २३७७ मीटरवर आंफेर्ने. आणि मग विसाव्या शतकात सीमेला लागून, अडीच हजार मीटरच्या वर जानुस. एक टेकडी घेतली की पुढची घ्यावी लागते.

---

चिंचबन | सोमवार, सकाळी ८:०५

पुरंदर आणि वज्रगड!! मिर्झाराजे आणि दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा डागल्या. तीच गोष्ट.

---

नकाशेवाला | सोमवार, सकाळी ८:११

चिंचबन, अगदी हेच. वज्रगड गेला की पुरंदर धोक्यात. १६६५ ची गोष्ट. हे वोबाँला वेगळं शिकावं लागलं नसतं तो आपल्याकडे आला असता तर.

---

दिंडीदरवाजा | सोमवार, दुपारी १:१४

जेवणाच्या सुट्टीत सगळं वाचून काढलं, मस्त धागा. मला प्रश्न पडलाय तो व्यवहाराचा. हे सगळं बांधायला माणसं कुठून आणली आणि बर्फात काम चालायचं का? १३२६ मीटरवर वर्षातले पाच-सहा महिने तरी चुना पकडत नसणार, गोठतो तो.

---

ग्रनोबलकर | सोमवार, संध्याकाळी ६:५०

दिंडीदरवाजा, बांधकामाचा हंगाम उन्हाळ्याचाच, हिवाळ्यात बंद. म्हणून तर वर्षानुवर्षं चाललंय. त्या चर्चचंच बघा, जे दोन मनोरे घाटमाथांनी बसमधून पाहिले ते १७०३ ला सुरू झालं आणि १७१८ ला पुरं झालं. ते तटाला लागून आहे, भिंती जाडजूड, जागा ठरवण्यात वोबाँचा हात होता. प्रार्थनेच्या जागेलाही तिथे तटाचा विचार करावा लागला.

एक अजून. त्या चर्चवर आणि गावात कितीतरी भिंतींवर रंगवलेली सूर्यघड्याळं आहेत. ऊन भरपूर आहे त्या खोऱ्यात, त्यामुळे हौस. आमच्या लेकीने एका दुपारी सगळी मोजायची ठरवली होती, नववं सापडेपर्यंत आईस्क्रीमचं दुकान सापडलं.

---

आजोबा५२ | सोमवार, रात्री ८:३०

सर्वांना नमस्कार. तुम्ही सगळे तोफा आणि बुरूज बोलताय ते छानच आहे, पण घाटमाथांचा प्रश्न होता की राखण्यासारखं काय होतं. त्याचं उत्तर तटाच्या साडेतीनशे वर्षं आधी आहे, ते कुणी सांगितलं नाही अजून.

१३४३ साली, २९ मे, दोफिनेचा अधिपती दुसरा उंबेर कर्जात बुडालेला होता. डोंगरातल्या गावांनी मिळून त्याला १२ हजार सोन्याचे फ्लोरिन रोख आणि वर्षाला ४ हजार दुकातांची रक्कम कबूल केली आणि बदल्यात सनद लिहून घेतली. काय मिळालं त्यात? आपला कर आपणच वाटून गोळा करायचा. त्याला न विचारता सभा भरवायची. शस्त्र बाळगायचं. सरंजामी वेठबिगार बंद. आणि मुजरा करायचा तो सरदारासारखा, गुडघे टेकलेल्या कुळासारखा नाही. शेतकरी आणि मेंढपाळ बरं का, सावकारपेठा नाहीत.

अशा पाच विभागांचा मिळून संघ झाला, त्यांना एस्कार्तों म्हणतात, शब्दाचा अर्थच कर वाटून घेणं. ब्रियाँसों, केरा, उल्स, प्राजेलातो आणि कास्तेलदेल्फिनो. सहा वर्षांनी १३४९ ला उंबेरने सगळा दोफिने फ्रान्सला विकला, तरी पुढचे राजे ही सनद मान्य करत गेले, ते थेट १७८९ पर्यंत. साडेचारशे वर्षं! मी आयुष्यभर ग्रामपंचायत खात्यात काढली, मला हे वाचून भरून आलं होतं.

---

पिठलंभाकर | सोमवार, रात्री ८:४१

आजोबा _/\_ याच्यावर वेगळा लेख लिहा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

चिंचबन | सोमवार, रात्री ९:०२

आजोबा, एवढे पैसे मेंढपाळांकडे आले कुठून पण? १२ हजार सोन्याची नाणी म्हणजे चेष्टा नाही.

---

आजोबा५२ | सोमवार, रात्री ९:३०

खिंड, चिंचबन, खिंड. मोंझनेव्र हा आल्प्स ओलांडायचा सोप्या चढाचा मार्ग, रोमन काळापासून वाहता. रोमन लोकांचा इटलीतून स्पेनकडे जाणारा रस्ता इथूनच, तेव्हा गावाचं नाव ब्रिगांतिओ. पुढे पोप आविन्योंला राहायला लागले तेव्हा इटली आणि आविन्यों यांच्यामधली सगळी वर्दळ, व्यापारी, खेचरं, पत्रं, इथून. आपला नाणेघाट समजा, तिथे जकातीचा दगडी रांजण आहे ना. शिवाय मेंढरं, लोकर, चीज. आणि हिवाळ्यात शेती बंद म्हणून पुरुष मंडळी खाली उतरायची, फेरीवाले म्हणून, आणि गुरुजी म्हणून.

गुरुजींची गंमत सांगतो. त्या खोऱ्यातले लोक शिकलेले असत. शरद ऋतूतल्या जत्रेत हे गुरुजी टोपीत पिसं खोचून उभे राहत. एक पीस म्हणजे वाचायला शिकवतो, जास्त पिसं म्हणजे लिहिणं-हिशेबही, आणि तीन पिसं म्हणजे लॅटिनसुद्धा. गावकरी येऊन पिसं बघून हिवाळ्यापुरता गुरुजी ठरवून घेऊन जात.

---

दिंडीदरवाजा | सोमवार, रात्री ९:३८

तीन पिसंवाले गुरुजी 😄 आमच्या गल्लीत क्लासेसच्या बोर्डवर डिग्र्यांची रांग असते, ती पिसंच की.

---

टेकाड | सोमवार, रात्री १०:२२

नकाशेवाला, तुमची दुरुस्ती मान्य, मी घाईत लिहिलं. पण रोमवर चालून गेलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल? हत्ती घेऊन इथूनच गेला असं म्हणतात ना?

---

नकाशेवाला | सोमवार, रात्री १०:३५

हॅनिबलच्या वाटेवर अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत, चार-पाच खिंडी दावेदार, मोंझनेव्र त्यातली एक. हत्तींना इथेच थांबवू, नाहीतर धागा कार्थेजला जाईल.

मात्र आजोबांनी पाच एस्कार्तोंची नावं दिली आणि मला राहवेना. घाटमाथा, तुम्ही ट्रेनने उल्सला उतरून बस घेतलीत म्हणालात. ते उल्स हेच उल्स. म्हणजे तुम्ही इटलीत बसमध्ये चढलात आणि फ्रान्समध्ये उतरलात, पण १७१३ च्या आधी तो सगळा प्रवास एकाच संघातल्या दोन गावांमधला होता. पाचांपैकी तीन आज इटलीत आहेत.

१७१३ ला उट्रेख्टचा तह झाला. त्यात सीमा ठरली ती पाण्यावरून, डोंगरमाथ्यावरून पाणी जिकडे उतरतं तिकडचा देश. पूर्वेची खोरी, उल्स, प्राजेलातो, कास्तेलदेल्फिनो, साव्हॉयला गेली. बदल्यात फ्रान्सला बार्सेलोनेतचं खोरं मिळालं. नकाशावर रेष सरळ आणि शहाण्यासारखी दिसते. पण माणसं पाण्यासारखी एकाच बाजूला उतरत नव्हती ना, ती खिंडीच्या दोन्ही अंगांना नांदत होती. लग्नं तिकडे, कुरणं इकडे.

म्हणून माझं म्हणणं असं की तारखा शेजारी ठेवून बघा. सीमा १७१३. तेत, राँदुये, पूल, हे सगळे मोठाले किल्ले त्यानंतरच्या वीस वर्षांत. गाव श्रीमंत होतं म्हणून किल्ले नाही आले. गाव जोवर खिंडीच्या मध्यावर होतं, दोन्ही बाजू आपल्याच होत्या, तोवर त्याला साधा तट पुरत होता. रेष आली आणि गाव टोकाला पडलं, मग किल्ले आले.

---

घाटमाथा | सोमवार, रात्री ११:०९

नकाशेवाला, हे वाचून मी उठून बसलो. कारण सांगायचं राहिलं होतं, बसमध्ये खिंडीपाशी पोलीस चढले होते, सगळ्यांचे पासपोर्ट बघितले. आमचे बघून दिले परत, पण मागच्या सीटवर दोन तरुण मुलं होती, आफ्रिकेतली असावीत, त्यांना खाली उतरवलं. बस पाच मिनिटांत निघाली. मुलगा खिडकीखाली उभा होता, पाठीवर शाळेचं दप्तर असतं तसं दप्तर. बायकोने तेव्हापासून अर्धा तास तोंड उघडलं नाही. मी ते इथे लिहिलं नव्हतं कारण किल्ल्यांच्या धाग्यात कशाला, असं वाटलं. पण आता वाटतंय तो धाग्याचाच भाग होता.

---

ग्रनोबलकर | सोमवार, रात्री ११:४०

घाटमाथा, लिहिलंत ते बरं केलंत. २०१५ पासून ती तपासणी आहे. ते लोक मग रात्री बर्फातून, वाटा सोडून चालत येतात, काहींचे जीव गेलेत. आणि ब्रियाँसोंचे लोक, सगळे नाही पण बरेच, रात्री टॉर्च आणि थर्मास घेऊन डोंगरात शोधायला जातात. मी एकीला ओळखते, साठीची आहे, ती म्हणते समुद्रात बुडणाऱ्याला वाचवतात ना, इथे डोंगर आहे एवढाच फरक.

---

कडेपठार | मंगळवार, सकाळी ६:५८

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. सैन्यात तेवीस वर्षं काढली आहेत. गावाला टोकाला टाकलं ते सीमेने, मान्य, पण सांभाळलं किल्ल्याने. शिबंदी म्हणजे रोजचं दूध, मांस, लाकूड, बूट, घोड्यांचा दाणा, सगळं गावातून. व्यापार आटला तरी पगारी माणसं आली. १५९ वी आल्पाइन पायदळ रेजिमेंट कित्येक दशकं तिथे होती. छावणीच्या गावात राहिलेल्याला कळेल मी काय म्हणतोय, अहमदनगर, देवळाली, बेळगाव.

दुसरं. किल्ल्याची परीक्षा तो किती वेळा लढला यावर करत नाहीत. १७०९ ते १७१२ मध्ये मार्शल बेरिकने आल्प्सची फळी सांभाळली तेव्हा ब्रियाँसों मध्यावर धरून फौज इकडून तिकडे फिरवली. धान्य आणि दारूगोळा तटाआड, माणसं मोकळी. शत्रू आला की तिथे हजर. किल्ला हे कोठार आणि किल्ला हा खुंटा, त्याला बांधलेली दोरी किती लांब जाते ते महत्त्वाचं.

---

चिंचबन | मंगळवार, सकाळी ९:१५

कडेपठार काका, खुंटा आणि दोरी +१. पण मग लढला का कधी ते सांगा ना तरी.

---

कडेपठार | मंगळवार, दुपारी १२:४०

लढला. १८१५. वॉटर्लू झालं, नेपोलियन गेला, ऑस्ट्रिया आणि सार्डिनियाच्या फौजा गावाभोवती बसल्या, किल्ला द्या म्हणाल्या. आत जनरल एबेर्ले, त्याने नकार दिला. खरं तर लढाई संपलेली होती, राजा बदललेला, तरी तीन महिने दरवाजे उघडले नाहीत, तह होईपर्यंत. पिन्यरोल दरवाज्यावर हे कोरलेलं आहे, त्याचा मतितार्थ असा की ब्रियाँसोंच्या लोकांनी शिबंदी नसताना तीन महिने वेढा सोसला आणि जागा राखली. शिबंदी नसताना. म्हणजे बेकरीवाला आणि न्हावी तटावर उभे होते. सैनिक म्हणून मी त्या ओळीपुढे टोपी काढतो.

---

आजोबा५२ | मंगळवार, दुपारी ३:०५

कडेपठार, आपल्याला सलाम. पण मला त्यात १३४३ दिसतं. शस्त्र बाळगायचा हक्क त्यांनी पैसे मोजून घेतला होता, आपली सभा आपण भरवायची सवय शेकडो वर्षांची होती. सनद १७८९ ला रद्द झाली, ४ ऑगस्टच्या रात्री सगळ्या प्रांतांचे विशेष हक्क गेले त्यात हीही गेली. पण २६ वर्षांत सवय जात नाही.

---

टेकाड | मंगळवार, संध्याकाळी ५:३३

त्या दरवाज्याच्या नावात पण गोष्ट आहे. पिन्यरोल म्हणजे पिनेरोलो, इटलीच्या बाजूचं शहर. १६३० पासून ते फ्रान्सकडे होतं, तोपर्यंत ब्रियाँसोंच्या पुढे आपलं ठाणं होतं आणि गाव निवांत होतं. १६९६ ला ते साव्हॉयला परत द्यावं लागलं. म्हणजे हात गेला आणि हाताकडे उघडणारा दरवाजा तेवढा राहिला.

(या वेळी तारखा दोनदा तपासून लिहिल्या आहेत नकाशेवाला 🙂)

---

नकाशेवाला | मंगळवार, संध्याकाळी ५:५०

बिनचूक. आणि दरवाज्याचं मला सुचलं नव्हतं, जपून ठेवतो.

---

दिंडीदरवाजा | मंगळवार, रात्री ८:१२

अवांतर: मी ब्रियान्कॉन असं वाचत होतो कालपर्यंत. आणि वोबाँ ला व्हाउबान. ऑफिसात एका फ्रेंच माणसासमोर बोललो, तो बिचारा ऐकून घेत राहिला.

---

ग्रनोबलकर | मंगळवार, रात्री ८:२५

दिंडीदरवाजा, शेवटचा न नाकातच ठेवायचा, बाहेर सोडायचा नाही. सर्दी झाल्यावर म्हणा, एकदम बरोबर येईल.

---

कडेपठार | मंगळवार, रात्री ९:१०

विसाव्या शतकातलं राहिलं. समोर शाबर्तों नावाचं शिखर आहे, ३१३१ मीटर, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा ते इटलीत. इटलीने त्याच्या माथ्यावर आठ बुरूजतोफा बसवल्या, सगळ्यांचं तोंड ब्रियाँसोंकडे. गावातल्या लोकांनी तीस-पस्तीस वर्षं त्या तोफांखाली संसार केले. २१ जून १९४० ला ढगांत फट पडली आणि फ्रेंचांच्या चार २८० मिलिमीटरच्या मॉर्टर तोफांनी खालून मारा करून आठपैकी सहा बुरूज उडवले, लेफ्टनंट मिगेची तुकडी. त्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्रान्सने जर्मनीसमोर युद्धविराम मान्य केला. सगळा देश पडत असताना या एका कोपऱ्यात नेम बरोबर लागत होता. १९४७ च्या तहात शाबर्तों फ्रान्सला मिळालं.

नकाशेवाला म्हणाले तेच, एक टेकडी घेतली की पुढची. शेवटी ३१३१ मीटरवर टेकड्या संपल्या.

---

चिंचबन | मंगळवार, रात्री ९:४४

आणि आता तिथे काय आहे? किल्ल्यांमध्ये?

---

ग्रनोबलकर | मंगळवार, रात्री १०:१८

बहुतेक रिकामे. २००८ ला वारसा जाहीर झाला आणि २००९ ला लष्कराचं शेवटचं डोंगरी प्रशिक्षण केंद्रही बंद झालं. एवढ्या मोठ्या बराकी, छपरांची देखभाल कोण करणार, पैसा कुठून. उन्हाळ्यात वाटाड्याबरोबर काही भाग बघता येतो. तेतच्या आवारात आम्ही गेलो होतो तेव्हा खिडक्यांच्या चौकटीतून झाडं उगवलेली, आत एका भिंतीवर कुणा शिपायाने पेन्सिलीने दिवस मोजलेले, चार उभ्या रेघा आणि एक आडवी, चार उभ्या आणि एक आडवी, अशा सात ओळी. आठवी अर्धीच. सुटी मिळाली असावी त्याला.

कडेपठार म्हणाले तसा खुंटा गेल्यावर गावाला परत पोट भरायचं दुसरं साधन शोधावं लागलं, स्की आणि पर्यटन. मोंझनेव्रला १९०७ मध्येच स्कीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती आणि ती सैनिकांमुळेच, डोंगरी पलटणींनी स्की आणली. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तर कितीतरी वेळा येते, इझोआर आणि गालिबिए दोन्ही घाट जवळ.

---

आजोबा५२ | बुधवार, सकाळी ७:४५

वाचतोय सगळं. वोबाँबद्दल एक सांगून थांबतो, कारण तो नुसता तट बांधणारा नव्हता. आयुष्यभर गावोगाव फिरताना त्याने शेतकऱ्यांची दैना बघितली आणि म्हातारपणी पुस्तक लिहिलं की कर सगळ्यांनी द्यावा, सरदार आणि धर्मगुरूंनीसुद्धा, उत्पन्नाच्या प्रमाणात. १७०७ ला परवानगीशिवाय छापलं, सरकारने बंदी घातली, त्याच मार्चमध्ये तो गेला. ज्या डोंगरात लोक आपला कर आपण वाटून घेत होते तिथे तो दोनदा राहून आला होता. त्यावरूनच त्याला सुचलं असं मी म्हणणार नाही, पण त्याने ते बघितलं होतं एवढं खरं.

---

घाटमाथा | बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार, मी एक प्रश्न टाकला आणि तुम्ही पाच दिवस पुरेल एवढं दिलंत. पिठलंभाकर, फोटो टाकतोय खाली, पाटाचा, पुलाचा आणि दरवाज्याचा. दरवाज्यावरची अक्षरं मी फोटोत घेतली होती पण वाचली नव्हती, आज झूम करून बायकोला दाखवली.

मी विचारलं होतं राखण्यासारखं काय होतं. आता मला वाटतं मी गाव चुकीच्या बाजूने बघत होतो, तटाच्या आत काय आहे ते शोधत होतो. त्यांचं जे काही होतं ते तटाबाहेर होतं, ज्या रस्त्याने आमची बस आली तो रस्ता. भाचीला फोन करून सांगितलं की अगं उल्स आणि ब्रियाँसों एकच होतं एकेकाळी. ती म्हणाली मामा, इकडच्या म्हाताऱ्यांना विचार, ते अजूनही पलीकडची बोली समजतात.

नकाशेवाला, एक विचारायचं होतं. पुढच्या वर्षी गेलो तर उल्सहून खिंडीतून चालत जाता येईल का, किती वेळ लागेल? गुडघे ठीक आहेत, बायकोचे माझ्यापेक्षा ठीक आहेत.

---

नकाशेवाला | बुधवार, रात्री ९:५१

येईल की. तीस किलोमीटरच्या आसपास धरा, एका दिवसात नका करू, मोंझनेव्रला मुक्काम करा. जुलै-ऑगस्ट. आणि खिंडीत थांबा, तिथे जवळजवळ दोन नद्या निघतात, द्युराँस फ्रान्सकडे आणि डोरा इटलीकडे. तिकडे एक जुनी म्हण आहे, डोरा बहिणीचा निरोप घेते, म्हणते तू चाललीस प्रोव्हान्सला पूर आणायला, मी चालले पीडमाँट पिकवायला.

---

पिठलंभाकर | बुधवार, रात्री १०:०४

फोटो पोचले, भरून पावलो. पाटाच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात ती कागदाची होडी आहे का?

---

घाटमाथा | बुधवार, रात्री १०:०९

हो. आणि तिच्या मागे जो लाल बूट दिसतोय तो होडीवाल्याचा.